नाव विचारायचं नाही

३ ऑक्टोबर १९७८, मंगळवार

आज एक बशी फोडली. पहिल्या आपटण्यात दोनच तुकडे झाले, म्हणून पुन्हा आपटली. खालून चहावाला दुर्मुश ओरडला — "होजा, काय पडलं?" "काही नाही," म्हटलं. शाळा सोडून किती वर्षं झाली, तरी गावाला मी अजून होजाच, मास्तरच.

तुकडे रुमालात बांधले, जिना उतरलो, दुकानाचं कुलूप काढलं. तुकडे मागच्या खोलीतल्या ढिगावर. फडताळातून नवी बशी काढली आणि मलाच दिली. नाव विचारलं नाही. कोणी फोडली, तेही नाही. वहीत एक उभी रेघ ओढली.

खोटी रेघ मी आजवर ओढलेली नाही. एक रेघ म्हणजे एक फुटकं भांडं आत, एक धडकं बाहेर. हिशेब चोख आहे.

संध्याकाळी पत्र आलं. वक्फ कचेरीचे तपासनीस येणार, पुढच्या मंगळवारी. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला काही विचारायला येतंय. भीती वाटली. आणि, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं.

४ ऑक्टोबर

वक्फनामा तयार ठेवा, असं पत्रात आहे. पेटीतून काढला. वाचायची गरज नाही, पाठ आहे. वडिलांनी कवितेसारखा पाठ करून घेतला होता, टेबलावर पट्टीचा ठेका देत.

ज्या मोलकरणीच्या, उमेदवाराच्या, सुनेच्या, लेकराच्या हातून भांडं फुटलं आणि ज्याला घरी जायची भीती वाटते, त्याने तुकडे आणावेत आणि तसंच धडकं भांडं न्यावं. त्याला नाव विचारू नये. कसं फुटलं, विचारू नये. जो मुतवल्ली ही शर्त मोडेल त्याला कयामतच्या दिवशी माझ्यासमोर उभं राहून उत्तर द्यावं लागेल.

'माझ्यासमोर' — पुरुष असता तर त्याने शाप लिहिला असता. हा वक्फ करणाऱ्या नेफिसे हानमनं फक्त भेटीचं ठरवून ठेवलंय. ती लहानपणी मोठ्या घरात भांडी घासायची म्हणतात, पुढे त्याच घराची मालकीण झाली. दोन दुकानं आणि एक अक्रोडाची बाग तिने या कामासाठी दान दिली. दोनशे वर्षं झाली. आमच्या घराण्याकडे हे काम, म्हणजे वक्फ सांभाळणाऱ्या मुतवल्लीचं, आणि त्याला राहायला वरची ही खोली.

माझ्यानंतर कोणी नाही. मेलाहतला आणि मला मूल झालं नाही. मेलाहत जाऊन अकरा वर्षं झाली. वक्फ चालत नाही असं कचेरीला दिसलं तर ती तो स्वतःकडे घेईल. मग खोली गेली. मग पुतण्याकडे — स्टेशन रस्त्याला, चौथा मजला, दिवाणखान्यातल्या कोचाचा एक कोपरा.

७ ऑक्टोबर, शनिवार

बाजाराचा दिवस. समोर प्लास्टिकवाला वाडगे रस्त्यावर आपटून दाखवतो — "पडू द्या काकू, उड्या मारतो, रडत नाही!" बायका हसतात आणि घेतात.

माझ्याकडे कोणी आलं नाही. एक वाडगा फोडला. एक रेघ.

८ ऑक्टोबर

शेवटचं खरं माणूस कधी आलं? विचार करत बसलो. सहा वर्षांपूर्वी. एक परगावची मोलकरीण, नुकतीच आमच्या या कुताह्यात आलेली, हुंदके देत होती. तिला वाडगा दिला, चहा पाजला. पुन्हा दिसली नाही.

आधी किती यायचे! शाळा सुटली की मी थेट दुकानात. मंगळवार आणि शनिवार. पोरं दारात घुटमळायची, हात पाठीमागे. मी लगेच ओळखायचो — "अरे, हा तर कासिम लोहाराचा धाकटा! ये, ये आत." एखादी ओळ म्हणायला लावायचो. पोरांच्या तोंडी कविता यायला हवी, दुःखात तर यायलाच हवी. मेलाहत म्हणायची, "तुम्हाला दुकान आणि वर्ग यातला फरक कळत नाही." हसून म्हणायची. मला वाटतं हसून.

मग एकेक कमी झाले. प्लास्टिक आलं. ॲल्युमिनियम आलं. मेलाहत गेली त्या वर्षी कचेरीच्या वार्षिक तक्त्यातल्या त्या रकान्यात — 'किती जणांना लाभ झाला' — मी तीन लिहिले. पुढच्या वर्षी एक. त्यानंतर शून्य लिहिताना पेन उचलेना. खोटं लिहवेना. त्या रात्री हातून एक बशी निसटली, खरोखरच निसटली, आणि मनात आलं — मीही या गावचाच की.

१० ऑक्टोबर, मंगळवार

आले. सामीह बे. बुर्साहून. पन्नाशीचे, पिवळट, पोटाचा विकार असावा — कॉफी बाजारात नाही म्हणून माफी मागितली तर म्हणाले, "असती तरी नको होती. लिंडनची फुलं उकळून द्या." बूट काढून चटईवर अगदी घरच्यासारखे बसले.

"होजा, घेणाऱ्यांची यादी?"

"यादी नसते. नावं विचारायची नाहीत अशी शर्त आहे."

"वाचलं. सुंदर शर्त आहे. तपासनिसाचा घात करणारी." वही उघडली. "गेल्या वर्षी एकशे चार. त्याआधी एकशे चार. त्याआधीही. आठवड्याला दोन, बर्फ पडो, सण येवो. तुमच्या गावातले लोक फार शिस्तीने भांडी फोडतात."

मी लिंडनचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"मग ही एकशे चार माणसं आली, हे मी कशावरून मानू?"

"तुकड्यांवरून," म्हटलं.

मागच्या खोलीत नेलं. वाटलं, दारातूनच पाहून परत फिरतील. ते मांडी घालून बसले. कोट काढला. तुकडे जुळवायला लागले — एखादं मूल बसावं तसे, जीभ दातांत धरून. तासभर. दुर्मुश दोनदा डोकावून गेला.

अकरा बशा आणि चार वाडगे जुळवले. मग म्हणाले, "होजा, माझी आई दुसऱ्याच्या घरी कामाला होती. भांडं फुटलं की ती तुकडे गोळा करायची. पण एखादी कपची राहायचीच — चुलीखाली, दाराच्या फटीत. आठवड्याने मला पायात टोचायची. तुमच्या ढिगातलं प्रत्येक भांडं पुरं जुळतं. आणि एकातही कोणी कधी सूप प्यायलेलं नाही."

बोटांवरची धूळ झटकली. "हे तुम्ही एकट्याने केलं?"

"हो."

"आणि धडकी भांडी? ती विकली?"

वर घेऊन गेलो. खोली दाखवली. पलंगाखाली, खिडकीत, मेलाहतच्या कपाटात — नव्या बशांच्या थप्प्याच थप्प्या. फोडायची बशी मी दरवेळी पेन्शनमधून विकत आणायचो; वक्फच्या या बशांना हात लावला नव्हता. सामीह बेंनी एक बशी उचलली, उलटी करून पाहिली, परत ठेवली. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

जाताना म्हणाले, "मला अहवाल द्यावा लागेल. पण एक करा. दोन आठवडे देतो. या गावातला एक माणूस दाखवा — एकच — जो स्वतःहून सांगेल की मी तुकडे घेऊन गेलो होतो आणि मला भांडं मिळालं. कधीही असो. स्वतः नाव सांगितलं तर शर्त मोडत नाही. तेवढ्यावर, वक्फ जिवंत आहे, मुतवल्ली म्हातारा आहे, समज दिली, असं लिहीन."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर एकशे चार लिहीन."

११ ऑक्टोबर

वक्फची भांडी घडवणाऱ्या हिदायत उस्ताकडे गेलो. चाकावरून मान न उचलता म्हणाला, "त्यात काय! माझी सून सांगेल की. तिने नवऱ्याच्या दिशेने चार बशा फेकल्यात, चारही खऱ्या."

"ती दुकानात कधी आली नाही."

"तुम्ही तिला तिथं पाहिलं नाही, असं म्हणा. नाव तर विचारायचंच नसतं ना!"

हसलो. घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो — काय हरकत आहे?

१४ ऑक्टोबर, शनिवार

दुकान उघडलं. काही फोडलं नाही. रेघ नाही. पान कोरं होतं; दोनदा उघडून पाहिलं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

जुने विद्यार्थी गाठले. तिघे. कासिम लोहाराचा धाकटा आता स्वतः दोन पोरांचा बाप आहे. दारातच म्हणाला, "मी? नाही होजा. आमच्याकडे कधी काही फुटलं नाही." त्याच्या कपाळावरची लहानपणची खूण तशीच; हाच तो — रडून रडून हुंदके देत आला होता, मला स्वच्छ आठवतंय. मी म्हटलं, "बरं." त्याने मला आत बोलावलं नाही.

बाकीचे दोघेही तसेच. कोणालाच आठवत नाही.

२० ऑक्टोबर

नाजिये!

कशी विसरलो? माझ्या पुतण्याची, इल्हानची बायको, पण त्याआधी माझ्या वर्गातली. रेशाद सुताराची मुलगी. दहा-अकरा वर्षांची असेल, फ्रॉकच्या ओच्यात वाडग्याचे तुकडे. तिने प्रजासत्ताक दिनाची कविता म्हटली होती, एक ओळ चुकली नाही. मी टाळ्या वाजवल्या. दुर्मुशच्या बापानेही वाजवल्या. काय दुपार होती ती! खिडकीतून ऊन सरळ तिच्या केसांवर.

तिला आठवत असणारच. घरातलं माणूस. रविवारी जातो.

२२ ऑक्टोबर, रविवार

चौथा मजला. जिन्यात दोनदा थांबलो. इल्हान मॅच बघायला गेला होता. नाजिये सारण भरून द्राक्षाची पानं गुंडाळत होती. तिला सगळं सांगितलं — बशा, तपासनीस, खोली. बशांचं ऐकून तिचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू झाले.

"मी आले होते," म्हणाली. "एकदा."

"बघ! मला माहीत होतं. तू कविता म्हटलीस —"

"हो काका. म्हटली."

पान गुंडाळलं. दुसरं घेतलं.

"दह्याचा वाडगा होता. हमामच्या कोपऱ्यावर पडला. आजीचा होता. मला वाटलं, तुकडे देईन, वाडगा घेईन, घरी कोणाला कळणार नाही. दारात पाय ठेवला तर तुम्ही — 'अगं, ही तर रेशादची नाजिये!' दुर्मुशच्या बापाने मान वळवली, मसाल्याच्या दुकानातली माणसं बाहेर आली. तुम्ही म्हणालात, आधी कविता. ओच्यात तुकडे होते. दोन बोटं कापली होती. ती मी मुठीत धरली, फ्रॉकला रक्त लागू नये म्हणून. चार कडवी होती, काका."

मी काहीतरी म्हणालो. काय, आठवत नाही.

"संध्याकाळी कॉफीच्या दुकानात तुम्ही बाबांना म्हणालात, 'पोरीला रागावू नका हं, वाडगा फुटला, पण कविता काय म्हटली!' सगळ्यांसमोर. चांगल्या मनानेच म्हणालात. बाबा रागावले नाहीत. त्यांनी तुमचा वाडगा तसाच तुमच्या दारात नेऊन ठेवला. म्हणाले, सुताराचं घर खैरातीच्या भांड्यात खात नाही. आणि माझ्याशी बरेच दिवस बोललेच नाहीत."

दारात ठेवलेला वाडगा. मेलाहतने आत आणला होता. मला वाटलं, कोणीतरी विसरला.

"त्यानंतर आमच्या गल्लीतून कोणी नाही आलं. तुम्ही दुकानात असलात की आम्ही पलीकडच्या गल्लीतून जायचो. लांब पडायचं, पण जायचो."

"मी नाव विचारलं नव्हतं, नाजिये."

"तुम्हाला विचारायची गरज कुठं होती, काका?"

मग हात धुतले, पुसले. "कागद आणलाय ना? कुठं करायची सही?"

कागद खिशात होता. "नाही आणला," म्हटलं.

तिने द्राक्षाच्या पानांचा डबा भरून बरोबर दिला. घरी येऊन तो तसाच झाकून ठेवला.

२३ ऑक्टोबर

प्लास्टिक नव्हतं ते.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

निवेदन लिहिलं. तीन वेळा फाडलं. शेवटी एवढंच राहिलं —

'बशा मी फोडल्या. त्यांच्या बदल्यात घेतलेल्या सर्व वरच्या खोलीत आहेत, मोजून घ्याव्यात. शर्तीबाबत: मी कोणाचंही नाव विचारलं नाही. परंतु या गावात मी तीस वर्षं हजेरी घेतली आहे. या दारातून आत येणारा प्रत्येक जण माझ्या हजेरीत होता, आणि मी प्रत्येकाला नावाने हाक मारली. वक्फ लोकांनी सोडला नाही. मी त्यांना सोडायला लावला. साक्षीदार मिळाला होता, त्याला मी सही करू दिली नाही.'

शाळेत असतो तर याला दहापैकी चार दिले असते. अलंकार नाही, समारोप नाही. पोस्टात टाकलं.

२९ ऑक्टोबर

प्रजासत्ताक दिन. शाळेच्या भोंग्यावरून कविता येत होत्या. एक मुलगी मध्येच अडखळली. मास्तराने पुढचा शब्द सांगितला, माईकवर, सगळ्या गावाला ऐकू गेला. मी खिडकी लावून घेतली.

७ नोव्हेंबर, मंगळवार

सामीह बे किल्ली घ्यायला स्वतः आले. वक्फ कचेरीकडे जाईल, चालू राहील. बागेचं उत्पन्न पुरेसं आहे. मला खोली महिन्याअखेर सोडायची आहे. माझ्यावर खटला नाही, वयाकडे पाहून.

लिंडन उकळून दिलं. ते फुंकत बसले.

"एकशे चारचं तर मी लिहिणारच होतो," म्हणाले. "ते दुसरं कशाला लिहिलंत? त्याला कायद्यात कलमच नाही. कोणी विचारलंही नव्हतं."

"नेफिसे हानम विचारणार आहेत," म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "नवा माणूस दूरच्या कार्सचा आहे. इथलं कोणी त्याला ओळखत नाही, तो कोणाला ओळखत नाही. कविता वगैरे काही नाही. मी मुद्दाम निवडला." मग किल्ली खिशात टाकत, "वाईट वाटून घेऊ नका, होजा."

वाईट वाटलं. खूप.

२९ नोव्हेंबर

बशांच्या थप्प्या हमालांनी खाली दुकानात नेल्या. मेलाहतचं कपाट रिकामं झालं. त्यात तिचा एक हातमोजा निघाला, डाव्या हाताचा. एवढंच सामान बरोबर घेतलं, आणि कवितांच्या वह्या.

५ डिसेंबर

इल्हानकडे. कोच बरा आहे. सगळे चांगले वागतात. नाजिये सकाळी सूप देते, विचारते — "मीठ बरं आहे?" मी म्हणतो, बरं आहे. दिवसातलं बोलणं जवळजवळ एवढंच. तिला दुखवून बोलावंसं वाटत असेल असं मला आधी वाटायचं. तसं काही नाही. ती ते केव्हाच विसरलीय. मीच आहे आता तिथं उभा.

१२ डिसेंबर, मंगळवार

जेवताना इल्हान सांगत होता, नेफिसे हानमच्या दुकानात हल्ली लोक जातात म्हणे. आज तर तीन बायका. "प्लास्टिकच्या काळात!" म्हणून हसला. नाजियेने त्याच्याकडे पाहिलं. त्याने घाईने पाव तोडला.

चांगली बातमी आहे. चांगलीच बातमी आहे. रात्रभर कूस बदलत होतो.

१४ डिसेंबर

सकाळी कोणी घरी नव्हतं. मदत करावी म्हणून सुपाचे वाडगे विसळायला घेतले. हात ओले. एक गेला.

सहाचा संच. नाजियेच्या लग्नातला, हिदायत उस्ताच्या बापाच्या हातचा, निळी फुलं. आता पाच.

ती रागावणार नाही, हे मला माहीत आहे. "असू दे काका," म्हणेल आणि पुढच्या खेपेला वाडगे स्वतः उचलून नेईल, मी हात लावायच्या आत. मला जपत. या घरात मी मग नुसता बसलेला माणूस.

तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून उशीखाली ठेवले. बहात्तर वर्षांचा माणूस. पाचच वाडगे ओळीने मांडून ठेवले, जरा अंतर सोडून.

१५ डिसेंबर

तिने अजून मोजलेले नाहीत.

१६ डिसेंबर, शनिवार

वाडगा मिळाला. निळ्या फुलांचाच.

कार्सच्या माणसाने पुडी घेतली, उघडून नक्षी पाहिली, मागे गेला, आणला, दिला. माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. जिभेवर आलं होतं — मी शेव्की होजा, सत्तावीस वर्षं इथं बसलो. त्याने विचारलं नाही. मी बोललो नाही. वाडगा कोटाखाली धरला.

वळलो तर दारात एक बाई, शालीखाली दोन्ही हात. मला पाहून जागच्या जागी थिजली. वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, सगळं मला येत होतं.

मी भिंतीकडे पाहत तिच्या बाजूने बाहेर पडलो.